योहान विटेवेन: डच प्राध्यापक, अर्थमंत्री, नाणेनिधीचा प्रमुख आणि बडोद्याहून गेलेली सुफी परंपरा

सह्यवारा

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाचा पुरवठा आवळला आणि जानेवारी १९७४ उजाडेपर्यंत पिंपाचा भाव तीनेक डॉलरवरून साडेअकराच्या पुढे गेला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. पण ज्या देशांकडे तेलही नव्हतं आणि डॉलरही नव्हते, त्यांनी पुढची दोन वर्षं कशी काढली? त्यांच्यासाठी खुद्द तेलवाल्या देशांकडूनच पैसे उसने आणणारा माणूस एक डच प्राध्यापक होता. योहान विटेवेन. त्याच्या कारकिर्दीवर सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा.

जन्म १२ जून १९२१, युट्रेख्टजवळच्या डेन डोल्डरचा. वडील रॉटरडॅमचे नगररचनाकार. मे १९४० मध्ये जर्मन विमानांनी त्या शहराचं काळीज जाळलं, तेव्हा नव्या शहराचा पहिला आराखडा त्यांनीच आखला. आईचे वडील फ्लोर विबाउट, आम्स्टरडॅममध्ये कामगारांसाठी घरं बांधणारे नामांकित समाजवादी. आणि आईवडील दोघंही सुफी, हजरत इनायत खान यांच्या परंपरेतले.

या घरातला मुलगा रॉटरडॅमला अर्थशास्त्र शिकला, तेही युद्धाच्या वर्षांत. यान टिनबर्गेन यांच्या हाताखाली त्याने १९४७ मध्ये वेतन आणि रोजगार यांच्या संबंधावर प्रबंध पुरा केला. टिनबर्गेन म्हणजे अर्थशास्त्राच्या पहिल्या नोबेलचे (१९६९) एक मानकरी. त्यांच्याच मध्यवर्ती नियोजन संस्थेत काही काळ नोकरी करून विटेवेन १९४८ मध्ये, सत्ताविशीत, प्राध्यापक झाला. पुढची पंधरा वर्षं शिकवणं चाललं, पण १९५८ पासून तो उदारमतवादी व्हीव्हीडी पक्षातर्फे वरिष्ठ सभागृहातही होता. आजोबा समाजवादी आणि नातू बाजारपेठेवर विश्वास ठेवणाऱ्या पक्षात! १९६३ मध्ये तो अर्थमंत्री झाला. ते सरकार १९६५ मध्ये रेडिओ-टीव्हीच्या धोरणावरून पडलं. १९६७ ते १९७१ पुन्हा अर्थमंत्री, या वेळी उपपंतप्रधानपदही. १ सप्टेंबर १९७३ ला तो आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा प्रमुख म्हणून वॉशिंग्टनला रुजू झाला आणि सहा आठवड्यांत तेलाचा भडका उडाला.

जानेवारी १९७४ मध्ये रोमला अर्थमंत्र्यांची बैठक झाली. तिथे त्याने सुचवलं की तेलवाल्या देशांकडे जो डॉलरचा डोंगर साठतोय, त्यातला काही भाग नाणेनिधीने कर्जाऊ घ्यावा आणि तेल विकत घेणाऱ्यांना द्यावा. अमेरिकेचा कल वेगळा होता. तेलाचा भावच खाली आणायचा, तर असली सोय करून तो पचवायला मदत कशाला, असं वॉशिंग्टनचं म्हणणं. तरी हा माणूस तेलवाल्या देशांच्या राजधान्या फिरला, इराण, सौदी अरेबिया, कुवेत, व्हेनेझुएला यांच्याकडून पैसे मिळवले, आणि जून १९७४ मध्ये 'तेल सुविधा' सुरू झाली. दोन वर्षांत ५५ देशांना सुमारे ६.९ अब्ज एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं स्वतःचं एकक) इतकं कर्ज गेलं. नाणेनिधीच्या नेहमीच्या कर्जाच्या मानाने अटी फारच सौम्य होत्या.

माझं मत आधीच मांडतो. विटेवेनचं खरं राजकारण डच सरकार जिथून चालतं त्या हेगमध्ये घडलं नाही, ते या फिरतीत घडलं. हाती सैन्य नाही, मतदार नाहीत, नोटा छापायचा अधिकार नाही. नुसत्या विश्वासावर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडून घेऊन ज्याच्याकडे नाही त्याला देणं, याहून कठीण राजकारण मला माहीत नाही. तुमचं काय मत?

करपावती

सुंदर लेख. पण हेगमधल्या कामाकडे तुम्ही फारच झरझर पाहिलंत! नेदरलँड्समध्ये १ जानेवारी १९६९ ला व्हॅट आला, तो विटेवेन अर्थमंत्री असतानाच. मी विक्रीकरापासून जीएसटीपर्यंत सगळं हाताळलेला करसल्लागार आहे, म्हणून यावर थोडं लिहितो.

आधी तिथे उलाढालीवर साखळी कर होता. माल कारखान्यातून ठोक व्यापाऱ्याकडे आणि तिथून दुकानात जाताना प्रत्येक टप्प्यावर पूर्ण किमतीवर कर, म्हणजे करावर कर. ज्या कंपनीचे कारखान्यापासून दुकानापर्यंत सगळे टप्पे स्वतःचेच, तिला कमी कर पडे आणि छोट्या, सुट्या व्यापाऱ्याला जास्त. व्हॅटमध्ये आधी भरलेल्या कराची वजावट मिळते, त्यामुळे हा अन्याय जातो. सहा देशांच्या युरोपीय समुदायाने १९६७ मध्ये सगळ्यांनी या पद्धतीकडे वळायचं ठरवलं होतं. डचांनी १२ टक्के सर्वसाधारण आणि ४ टक्के गरजेच्या वस्तूंवर असे दोन दर ठेवले.

रचना उत्तम होती, पण वेळ चुकली. अर्थव्यवस्था आधीच तापलेली, मजुरी वाढत होती. दुकानदारांनी नव्या कराच्या निमित्ताने भाव वरच्या आकड्याला नेऊन ठेवले. लोक भडकले आणि एप्रिल १९६९ मध्ये सरकारला भाव गोठवावे लागले. अर्थव्यवहार मंत्री लेओ दे ब्लॉक यांना त्या प्रकरणाचे चटके बसले आणि जानेवारी १९७० मध्ये त्यांनी पद सोडलं. अर्थमंत्री विटेवेन मात्र राहिले.

आपल्याकडे १ एप्रिल २००५ ला महाराष्ट्रात व्हॅट आला, तेव्हा सांगलीच्या बाजारपेठेत हीच भीती होती. २०१७ च्या जीएसटी कायद्यात तर नफेखोरीविरुद्ध वेगळं कलम (१७१) घालावं लागलं. कर बदलण्याच्या दिवशी गल्ल्यावरचा माणूस काय करेल, हे प्राध्यापकाच्या समीकरणात मावत नाही. माझ्या लेखी विटेवेन यांच्या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग हा आहे.

उलटतपासणी

मूळ लेखातल्या निष्कर्षाशी असहमत. विश्वास, करुणा वगैरे ठीक आहे, पण तेल सुविधेमागे शुद्ध अर्थशास्त्र होतं. तेलवाल्यांकडे शिल्लक साठली म्हणजे बाकी जगाच्या खात्यात तेवढीच तूट पडणार, हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही. प्रत्येक देशाने स्वतःपुरती ती तूट मिटवायला आयात तोडली, चलन पाडलं, खर्च कापला, तर १९३० च्या दशकासारखी मंदी सगळ्यांच्या वाट्याला आली असती. टिनबर्गेनच्या विद्यार्थ्याला हे दिसणारच. तिथे सुफी असण्याची गरज नव्हती.

आणि डिसेंबर १९७६ विसरू नका. ब्रिटनचा पौंड घसरत होता, नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलर मागितले होते. विटेवेन स्वतः गुपचूप लंडनला जाऊन पंतप्रधान कॅलहॅन यांना भेटला. शेवटी काय ठरलं? १९७७-७८ मध्ये एक अब्ज पौंडांची आणि पुढच्या वर्षी दीड अब्जाची खर्चकपात, वर सरकारच्या मालकीचे ब्रिटिश पेट्रोलियमचे ५० कोटी पौंडांचे शेअर विकायचे. मजूर पक्षाच्या सरकारला हे गिळावं लागलं. सौम्य अटींचा माणूस तो हाच का?

निवृत्त_शाखाधिकारी

उलटतपासणी यांचा मुद्दा वजनदार आहे, पण मला त्या काळाबद्दल दोन शब्द सांगायचे आहेत.

१९७४ मध्ये मी बँकेत नवा कारकून होतो. आदल्या-मागल्या वर्षांच्या दुष्काळातून महाराष्ट्र नुकता सावरत होता. रॉकेलला रांगा, मे महिन्यात रेल्वेचा संप, आणि घाऊक भाव वर्षभरात २५ टक्क्यांच्या आसपास चढलेले. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढला आणि आमच्या वाढीव महागाई भत्त्यातला निम्मा भाग सक्तीच्या ठेवीत गेला. हातात वाढ येण्याआधीच ती अडकली. त्या वेळी देशाचे अर्थमंत्री कोण? यशवंतराव चव्हाण. १९७० पासून ऑक्टोबर १९७४ पर्यंत ते त्या खात्यात होते. बांगलादेशचं युद्ध, दुष्काळ आणि तेल, तिन्ही ओझी त्यांच्या खांद्यावर आली.

भारताने त्या तेल सुविधेतून कर्ज घेतलं. गावातल्या माणसाला त्याचा पत्ता लागायचं कारण नव्हतं, पण खतं आणि तेल यांच्या आयातीसाठी परकीय चलन लागतच होतं. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या तेलविहीर खोदणाऱ्या जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात तेल लागलं खरं, पण प्रत्यक्ष उत्पादन १९७६ मध्ये सुरू झालं. मधली दोन वर्षं कुणाच्या तरी उसनवारीवरच काढायची होती. म्हणून 'ते शुद्ध अर्थशास्त्र होतं' एवढ्यावर हा विषय मिटवू नये असं वाटतं. अर्थशास्त्र बरोबर असूनही पैसे वेळेवर पोचले नाहीत, तर त्याचा उपयोग काय?

बडोदेकर_नातू

मंडळी, इनायत खानांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. माझं आजोळ बडोद्याचं, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे.

इनायत खान यांचा जन्म ५ जुलै १८८२ चा, बडोद्यातला. त्यांचे आजोबा मौला बक्ष हे बडोदे दरबारचे थोर गायक-वादक. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने त्यांनी १८८६ मध्ये गायनशाळा काढली. घराण्याबाहेरच्या मुलांना ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी आणि वर्ग यांच्या आधारे गाणं शिकवणारी ही देशातल्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. आजचं सयाजीराव विद्यापीठाचं संगीत-नाट्य-नृत्य महाविद्यालय तिचंच पुढचं रूप. त्या घरात वाढलेला इनायत वीणा वाजवत, गात, आणि पुढे चिश्ती परंपरेत दीक्षा घेऊन १३ सप्टेंबर १९१० ला अमेरिकेला निघाला. युरोपात जे अनुयायी मिळाले, त्यांत नेदरलँड्सचे लोक पुष्कळ. १९२६ मध्ये ते भारतात परतले आणि ५ फेब्रुवारी १९२७ ला दिल्लीत गेले. निजामुद्दीन वस्तीत त्यांची दर्गा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांसाठी फ्रान्समध्ये गुप्त संदेशवहन करताना पकडली गेलेली आणि १९४४ मध्ये दाखाऊच्या नाझी छळछावणीत मारली गेलेली नूर, ती त्यांचीच मुलगी.

विटेवेन या चळवळीत नुसते नावाला नव्हते. अर्थमंत्रिपद, नाणेनिधी हे सगळं चालू असताना आणि नंतरही ते तिच्या नेतृत्वात होते, तिथे त्यांना मुर्शिद (म्हणजे गुरू) करीमबक्ष म्हणत. सुफी विचारांवर त्यांनी पुस्तकं लिहिली. मराठी राजाच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या एका संगीतघरातला विचार नाणेनिधीच्या प्रमुखाच्या घरात रोजच्या ध्यानात होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

मुक्ता_आम्स्टेलवीन

बडोदेकर, किती छान लिहिलंत! मी अकरा-बारा वर्षं इथे आहे, म्हणून थोडी इथली भर.

काटवाइक हे समुद्राकाठचं गाव. तिथल्या वाळूच्या टेकड्यांत १९२२ मध्ये इनायत खानांना खोल आध्यात्मिक अनुभव आला, असं इथले सुफी मानतात. तिथेच पुढे त्यांचं मंदिर उभं राहिलं, १९७० मध्ये खुलं झालं. पिवळसर विटांचं, घुमट असलेलं. आत कुठल्याही एका धर्माची मूर्ती नाही. प्रार्थनेत सगळ्या मोठ्या धर्मांच्या ग्रंथांतून वाचन होतं आणि प्रत्येकासाठी एक मेणबत्ती लावतात.

दुसरं, सह्यवारा यांनी प्राध्यापक मंत्री झाल्याचं सहज लिहून टाकलंय, पण आपल्याकडच्या वाचकाला ते अडखळायला लावेल. इथे मंत्री झाल्यावर संसदेचं सदस्यत्व सोडावं लागतं. मंत्री सभागृहात येतो तो उत्तरं द्यायला, मत द्यायला नाही. आपल्याकडे बाहेरच्या माणसाला मंत्री केलं, तर सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहात निवडून यावं लागतं. इथे ती अटच नाही. म्हणून बँका, विद्यापीठं, नाणेनिधी इथून लोक अर्थमंत्रालयात येतात आणि परत तिकडे जातात. वीम डाउसेनबर्ख नाणेनिधीत होता, मग आम्स्टरडॅमला प्राध्यापक, १९७३ ते १९७७ अर्थमंत्री, पुढे राबोबँक, डच मध्यवर्ती बँक आणि १९९८ मध्ये युरोपीय मध्यवर्ती बँकेचा पहिला अध्यक्ष. ओनो रुडिंगही बँकेतून मंत्री आणि मंत्रिपदानंतर परत बँकेत. विटेवेन याच वाटेवरचा.

आणि एक आठवण. त्या तेलबंदीत नेदरलँड्सवरही अरब देशांचा बहिष्कार होता. नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी गाड्या बंद. रिकाम्या महामार्गावर सायकली आणि घोडे, असे फोटो इथल्या प्रत्येक शाळेच्या पुस्तकात असतात. बहिष्कृत देशाचा माणूस बहिष्कार घालणाऱ्यांकडेच कर्ज मागायला गेला आणि त्यांनी ते दिलं. सह्यवारा यांच्या मुद्द्याला यातून बळ मिळतं असं मला वाटतं.

करपावती

मुक्ताताई, हे तेलबंदीचं लक्षातच आलं नव्हतं. फार मोलाची भर.

उलटतपासणी

मुक्ता यांनी ज्याचं वर्णन केलंय, त्याच ये-जा करण्यावर माझा मूळ आक्षेप आहे. नाणेनिधी सोडल्यावर विटेवेन अम्रो बँकेचा सल्लागार झाला, मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर बसला, आणि 'ग्रुप ऑफ थर्टी' या बँकर-अर्थतज्ज्ञांच्या मंडळाचा १९८५ पर्यंत अध्यक्ष होता. १९७० च्या दशकात तेलाचे पैसे खाजगी बँकांमार्फत लॅटिन अमेरिकेला कर्ज म्हणून गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने कर्जफेडीबाबत हात वर केले. नियम करणारे आणि कर्ज देणारे एकाच टेबलाभोवती बसत असतील, तर इशारा कोण देणार?

आपल्या सी. डी. देशमुखांकडे बघा. रायगडमधल्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सला, जिथे ही नाणेनिधी जन्मली, तिथे भारताच्या शिष्टमंडळात होते. १९५० मध्ये अर्थमंत्री, आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडलं. पुढे विद्यापीठ अनुदान आयोग आणि शिक्षण हेच काम. वित्तातून राजकारणात आलेल्या माणसाने पदावरून उतरल्यावर काय करावं, याचा माझ्यापुरता मापदंड तो आहे.

सह्यवारा

देशमुखांबद्दल शंभर टक्के मान्य. त्यांच्यावर वेगळा धागा हवाच, तुम्हीच काढा.

पण दोन गोष्टींवर मी ठाम आहे. मेक्सिकोपर्यंत पोचलेला पैसा खाजगी बँकांचा होता, आणि नाणेनिधीमार्फत जाणारी वाट मोठी व्हावी, हाच तर विटेवेनचा प्रयत्न होता. १९७५ नंतर तेल सुविधा बंद झाली, कारण बड्या देशांना ती पुढे चालवायची नव्हती. तरी त्याने पद सोडण्याआधी दुसरी, मोठ्या तुटीच्या देशांसाठीची पूरक सुविधा मंजूर करून घेतली. तिला लोक आजही त्याच्या नावाने ओळखतात. तिचे पैसे प्रत्यक्ष वाटायला लागेपर्यंत जून १९७८ उलटला होता आणि खुर्चीवर फ्रान्सचे जाक द लारोझियेर होते.

ब्रिटनबद्दल. ब्रिटन आणि टांझानिया यांना एकच माप लावायचं का? श्रीमंत देशाला सावरायला कठोर अटी आणि गरीब देशाला सवलत, यात मला विसंगती दिसत नाही. १९७५ मध्ये तेल सुविधेच्या व्याजाचा काही भार सर्वांत गरीब देशांसाठी उचलायला वेगळं अनुदान खातं उघडलं. जानेवारी १९७६ ला जमैकात किंग्स्टन इथे करार झाला. बदलते विनिमय दर कायदेशीर ठरले, सोन्याची अधिकृत किंमत रद्द झाली आणि नाणेनिधीच्या सोन्यातला सहावा भाग, अडीच कोटी औंस, लिलावात विकायचं ठरलं. त्या नफ्यातून गरीब देशांना अर्ध्या टक्क्याने कर्ज देणारा विश्वस्त निधी उभा राहिला. भारतालाही त्यातून कर्ज मिळालं. हे सगळं समीकरणातून आपोआप निघत नाही. तूट कुठेतरी पडणार, एवढंच समीकरण सांगतं. ती कुणाच्या दारात पडू द्यायची नाही, हे माणूस ठरवतो, आणि इथे त्याच्या घरचे संस्कार मोजले पाहिजेत.

मुक्ता_आम्स्टेलवीन

एक गोष्ट राहिलीय, ती लिहायला जड जातं. १७ जुलै २०१४ ला युक्रेनवर एमएच१७ हे विमान पाडलं गेलं. २९८ माणसं गेली. त्यात विटेवेन यांचा मुलगा विलेम, सून आणि नात होती. विलेम कायद्याचा प्राध्यापक आणि मजूर पक्षाचा वरिष्ठ सभागृहातला सदस्य. वडील ज्या सभागृहात बसले, त्याच सभागृहात, पण पणजोबा विबाउटच्या राजकारणाकडे परत गेलेला. कायद्यावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. तेव्हा वडील ९३ वर्षांचे होते. ते आणखी जवळजवळ पाच वर्षं जगले आणि २३ एप्रिल २०१९ ला वासेनारला वारले.

निवृत्त_शाखाधिकारी

ताई, हे माहीत नव्हतं. वाईट वाटलं.

उलटतपासणी

विबाउट, विटेवेन आणि विलेम, या घराण्याचं राजकारण चार पिढ्यांत कसं वळलं, यावर लिहायला हवं. कर्जाच्या अटींबाबत माझं मत तेच आहे. श्रीमंत देशाला कठोर अटी म्हटलं, तरी १९७६ च्या खर्चकपातीची झळ तिथल्या शाळा-इस्पितळांत जाणाऱ्या साध्या माणसालाच लागली. पण विश्वस्त निधीचा मुद्दा मी मानतो. सोनं विकून गरीब देशांना अर्ध्या टक्क्याने कर्ज द्यायला बड्या भागधारकांची संमती लागते, आणि ती मिळवणं सोपं नव्हतं.

करपावती

सह्यवारा, त्या अनुदान खात्यात कोणत्या देशांनी किती घातलं, यावर पुढच्या प्रतिसादात लिहाल का? नेदरलँड्सचा वाटा बघायला आवडेल. आणि मुक्ताताई, १९६९ च्या भावगोठवणीबद्दल तिथल्या जुन्या दुकानदारांकडून काही ऐकायला मिळालं, तर जरूर कळवा.